सात-आठच्या मधलं दार

"ओ बाई, तिकडंच थांबा. पाय टाकू नका, ओलं आहे अजून."

मी चप्पलसुद्धा काढली नव्हती. अंगावर हॉस्पिटलची पांढरी साडी, हातात पिशवी, आणि माझ्याच आतल्या खोलीत, मधल्या दारात एक अनोळखी माणूस उकिडवा बसलेला. उंबऱ्यावर विटांचे दोन थर चढले होते. तिसऱ्या थराची पहिली वीट त्याच्या हातात होती. दाराची फळी बिजागरीतून सोडवून पलीकडे सरोजच्या ओट्याला टेकवून ठेवली होती.

"कोण तुम्ही? आणि हे काय चाललंय?"

"जगन मिस्त्री. आठ नंबरच्या बाईंचं काम आहे. दार बुजवायचंय."

"कुठलं दार?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्या खोलीत दुसरं दार होतं कुठे? "हेच की," तो म्हणाला. "त्यांनी चावी देऊन ठेवलीय मला. म्हणाल्या, सात नंबरच्या बाई अडीचला येतात, तोवर भिंत उभी झाली पाहिजे."

अडीचला. बरोबरच होतं तिचं. माझी सकाळची ड्यूटी दोनला सुटायची आणि हॉस्पिटलातून कोपरीत यायला अर्धा तास. पण आज एका सिस्टरनं ड्यूटी बदलून मागितली, आजची सकाळ तिनं घेतली आणि तिची उद्याची दुपार मी. म्हणून मी नऊलाच परत आलेली. नाहीतर अडीचला घरात शिरून मी नुसती भिंतच बघितली असती. आणि हीच सरोज पहाटे मी निघताना अर्धवट झोपेत म्हणाली होती, "जने, येताना कोथिंबीर आण ग." आणलीही होती मी. डोक्यात अशी तिडीक गेली की पिशवी मी जमिनीवर आपटली.

"काम थांबवा."

"बाई, मी रोजावर काम करणारा माणूस. तुमचं आपसातलं मला काय ठाऊक?"

"तुम्हाला काही बोलत नाही मी. जा, चहा पिऊन या. संध्याकाळपर्यंत या विटेवर वीट चढणार नाही."

त्यानं थापी पाण्यात बुडवली, पुसली, आणि निमूट निघून गेला. हॉस्पिटलात पन्नास बाळंतिणींवर ओरडून ओरडून माझा आवाज असा झालाय की माणसं वाद घालत नाहीत.

हे दार म्हणजे काय होतं, ते सांगते.

सरोज कराडची. टेलिफोन ऑफिसात नोकरी लागली म्हणून ठाण्याला आली आणि चेंदणी कोळीवाड्यात आमच्या आवडाआत्याच्या घरी खोली घेऊन राहिली. मी तेव्हा नुकती नर्स झालेली. भावांच्या बायका घरात आल्यावर मीही आत्याकडेच झोपायला जायचे. दोघींचं जमलं. असं जमलं की आत्या म्हणायची, या दोघींना एकीला ठेच लागली की दुसरी लंगडते. लग्न तिचं ठरून मोडलं होतं आणि माझं ठरलंच नाही. मग चौऱ्याऐंशी साली कोपरीत ही बिल्डिंग उभी राहायला लागली आणि आम्ही शेजारशेजारचे दोन ब्लॉक घेतले. सात नंबर माझा, आठ नंबर तिचा. एकेक खोली आणि स्वयंपाकघर.

मधली भिंत फोडून दार काढायची कल्पना सरोजची. माझी नव्हे, हे आधी लिहून ठेवा. दोन्ही स्वयंपाकघरांच्या मधली ती भिंत. पण तिचा ओटा खिडकीखाली होता आणि माझा नेमका त्या भिंतीला लागून. दार पाडायचं तर ओटा जाणार माझा. मी जरा कां कूं केलं. तर ती म्हणाली, "अगं, दोघींना दोन ओटे हवेत कशाला? एकच चूल पुरे की. तुझी खोली झोपायला, माझी खोली बसायला."

मला ते इतकं गोड वाटलं म्हणून सांगू! कोळीवाड्यात भाऊ वेगळे झाले की पहिली चूल वेगळी होते. आणि इथे दोन परक्या बायका आपणहून चूल एक करत होत्या. मी ओटा फोडून घेतला, नळाला बूच मारून घेतलं, आणि त्या जागी दोन खाटा टाकल्या, एक तिची, एक माझी. माझे भाऊ म्हणाले, "जनीला वेड लागलंय. चुलीशिवाय घर असतं काय?" मी त्यांना हसले.

एक गोष्ट तेवढी होती. तिची आई कराडहून यायची, दिवाळीला नाहीतर मार्गशीर्षात, आठ-पंधरा दिवस. "आईला मासळीच्या नुसत्या वासानं उलट्या होतात ग," सरोज म्हणायची. "आणि आपलं हे असं एकत्र राहणं तिला झेपणार नाही. जुनी माणसं." मग आई यायच्या आदल्या दिवशी आमचं नाटक सुरू व्हायचं. मासळीची भांडी, सुकटीचा डबा, विळी सगळं माझ्याकडे. दार बंद, आणि तिच्या बाजूनं दारापुढे लोखंडी कपाट सरकवायचं. कपाट सरकवायला मीच जोर लावायची. सरकवून झालं की जिन्यातून फिरून माझ्या दारानं माझ्या घरात. जेवण मग हॉस्पिटलच्या कॅन्टीनला नाहीतर आत्याकडे. म्हातारीशी माझं बोलणं जिन्यात दिसली तर "बऱ्या आहात ना" एवढंच. वाईट वाटायचं का? नाही वाटायचं. आपल्या माणसाच्या आईसाठी एवढं करायलाच पाहिजे, असं मी धरून चालले होते.

आता ते सगळं उभ्या उभ्या डोळ्यांसमोरून गेलं. मी विटा ओलांडून पलीकडे गेले. टेलिफोन ऑफिसची म्हणून सरोजला फोन लवकर मिळालेला, तो हॉलमध्ये होता. मी तिच्या ऑफिसचा नंबर फिरवला.

"सरू, मी बोलते."

"अगं, तू? हॉस्पिटलातून?"

"तुझ्या हॉलमधून. विटांवरून उडी मारून आले."

पलीकडे तिचा आवाज उतरला, "जने, मी संध्याकाळी तुला सांगणारच होते."

"भिंत झाल्यावर?"

"तसं नाही ग. आनंदची बदली झालीय ना ठाण्याला..."

"ते माहितेय. तुझा भाऊ डोंबिवलीत जागा बघतोय म्हणालीस."

"नाही मिळाली मनासारखी. ते सगळे माझ्याकडेच राहणार आहेत आता. आनंद, वहिनी, आई. परवा सामान येतंय. आईचं तुला माहितेय. आता काय आठ दिवसांचा प्रश्न आहे का, कपाट सरकवायला? कायमची येतेय ती. माझा नाइलाज आहे जने, खरंच. इथे सगळ्या कान लावून बसल्यात ग, ठेवते."

ठेवला तिनं फोन. मी रिसीव्हर हातात धरून उभी. त्या क्षणी मला सरोजचा राग आला नव्हता, खरं सांगते. राग आला म्हातारीचा. कराडात बसून माझ्या घराला भिंत घालते म्हणजे काय! एका माणसानं सोवळ्यात राहावं म्हणून दुसऱ्यानं आपलं घर अर्धं कापून द्यायचं? मनातल्या मनात मी तिचा सगळा उद्धार केला. येऊ दे, म्हटलं, जिन्यातच गाठते.

तेवढ्यात आठ नंबरची बेल वाजली. मिस्त्री असेल म्हणून तणतणत दार उघडलं, तर दारात म्हातारीच उभी.

रमाबाई. नऊवारी, खांद्यावर शाल, हातात कापडी पिशवी, मागे रिक्षावाला बॅग घेऊन धापा टाकतोय.

"सरोज ऑफिसला गेली असेल ना? असू दे, असू दे," त्या आतच आल्या. "आनंद म्हणत होता परवा टेम्पोबरोबर चल. म्हटलं, मी काय कपाट आहे टेम्पोत बसायला? रात्रीची एसटी धरली आणि आले. तुम्ही सिस्टर ना? शेजारच्या?"

मी काही बोलायच्या आत त्या सरळ स्वयंपाकघरात. विटांचे दोन थर, उघडं दार, पलीकडे माझी खोली. त्यांनी ते सगळं बघितलं आणि साडी जरा उचलून, माझा हात धरून, विटा ओलांडल्या आणि सरोजच्या खाटेवर जाऊन बसल्या. सरोजची गादी तिनं सकाळीच गुंडाळून नेली होती, ते मला तेव्हा दिसलं. नुसत्या लोखंडी पट्ट्या होत्या. मी माझी गादी उचलून त्यांच्याखाली सरकवली. का सरकवली? नर्सचे हात, दुसरं काय.

"पाणी चालेल का आमच्या घरचं?" मी विचारलं. मुद्दाम, ठसक्यात विचारलं.

"न चालायला काय झालं? एसटी स्टँडवर काय गंगाजल पीत आले मी?" त्यांनी तांब्या तोंडाला लावला, घटाघटा पाणी प्यायल्या आणि विटांकडे बोट केलं. "हे सरोजनं चालवलंच शेवटी. मी सांगितलं होतं तिला, नको बुजवू म्हणून."

"कोणी सांगितलं होतं?"

"मी! मला बीपी आहे. गुडघे गेलेत. आनंद आणि सूनबाई दिवसभर कामावर. शेजारी नर्स आहे, मध्ये दार आहे, याहून आणखी काय हवं म्हातारीला? पण ऐकेल तर ती सरोज कसली."

मला काही समजेना. "पण तुम्हाला दार... तुम्हाला माहीत होतं दाराचं?"

रमाबाई हसल्या. "पहिल्याच दिवाळीत कळलं. कपाटाच्या खालून उजेड यायचा पहाटे. तुमच्या बांगड्या वाजायच्या. मी म्हटलं सरोजला, अगं हलव ते धूड, जरा वारा खेळू दे. मला दिवसभर बोलायला तरी कोणी होईल."

"तुम्हाला मासळीचा वास सहन होत नाही ना?" माझा आवाज मलाच परका वाटला. "उलट्या होतात म्हणे."

"मला? कोण म्हणतं? अहो, आमचे हे रत्नागिरीला होते सहा वर्षं. जिभेचे चोचले काय विचारता! नाकाला पदर लावून मीच बांगडे तळून द्यायचे त्यांना. मी नाही तोंडाला लावला कधी, पण सरोज त्यांच्याच ताटात जेवायची. एवढीशी होती, फ्रॉकमधली, तेव्हापासून पटापट काटे काढून खायची."

मी माझ्या खाटेवर बसले.

काटे. आत्याच्या घरी सरोजनं पहिल्यांदा मासा तोंडात घातला, तेव्हा "मला भीती वाटते ग, घशात अडकेल" म्हणाली होती. मग मी काटे काढून दिले. मग तेच चालू राहिलं. बोय असो, पालू असो, माझं जेवण निवून गेलं तरी आधी तिच्या ताटात मी काटे काढून ठेवायची. आणि ती लहानपणापासून खात होती. हसावं की रडावं तेच कळेना. एवढ्या क्षुल्लक गोष्टीचं खोटं कोणी कशाला बोलतं?

"मग का नाही हलवलं कपाट?" मी विचारलं. "तुम्ही सांगितलंत, तर काय म्हणाली ती?"

रमाबाईंना आता काहीतरी वेगळं जाणवलं असावं. पण बाई सरळ होत्या, विचारलं तर सांगितलं. "म्हणाली, आई, ती कोळ्यांची आहे. भाडेकरू आहे शेजारच्या ब्लॉकमध्ये. त्या लोकांना एकदा घरात मोकळीक दिली की डोक्यावर बसतात, मग बाहेर काढता येत नाहीत." आणि मग एकदम, "का हो सिस्टर? बोलू नये ते बोलले का मी?"

"नाही," मी म्हटलं. "बसा तुम्ही. चहा टाकते."

मोरीत जाऊन मी नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले. भाडेकरू! माझ्या पगारातून हप्ते फेडलेल्या माझ्या घरात मी भाडेकरू. आणि कोळ्यांची. आमच्या आत्याच्या पानात जेवून, आमच्या घरच्या लग्नांत हळदीला नाचून, माझ्या बापाच्या तेराव्याला माझ्याहून जास्त रडून, आईसमोर मी "त्या लोकांतली". कपाट आईसाठी नव्हतंच. जोर लावून लावून मी स्वतःलाच कपाटाआड ढकलत होते आणि ती म्हणत होती, "अजून थोडं ग, जने, अजून थोडं."

मग तोंड धुतलं, विटा ओलांडल्या, चहा केला. वरण-भात लावला. जिला जिन्यात गाठून शिव्या द्यायच्या होत्या, तिला पाटावर बसवून वाढलं. रमाबाई दोनदा म्हणाल्या, "तुम्हीपण बसा." मी उभ्यानंच वाढत राहिले.

सरोज सहाला आली. हातात भाजीची पिशवी, कपाळावर घाम. आठ नंबरचं दार उघडून आत शिरली, स्वयंपाकघरात आली आणि जागच्या जागी थांबली. अलीकडे तिच्या खाटेवर तिची आई लवंडलेली आणि मी खाली बसून तिच्या गुडघ्याला तेल चोळत होते.

"आई? तू कधी आलीस?"

"सकाळीच. सिस्टरांनी जेवू घातलं. काय ग, तू यांना सांगितलंस, मला वासानं उलट्या होतात म्हणून?"

सरोजच्या तोंडचं पाणी पळालं. आधी आईकडे, मग माझ्याकडे बघितलं तिनं. "आई, तू जरा हॉलमध्ये बस ना."

"मी कुठेही जाणार नाही. मला गुडघे आहेत. आणि यात मला घालू नकोस म्हणून बजावते, सरोज. तुझं काय असेल ते तुझ्या नावावर बोल."

म्हातारीनं कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. मी हात पुसत उठले. विटांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती.

"बोल," मी म्हटलं.

"काय बोलू? तुझ्या तोंडाला तोंड देणं जमलंय का मला कधी?"

"आईच्या नावाखाली मला इतकी वर्षं कपाटामागे ठेवलंस. तेवढं सांग, का ते."

"मला लाज वाटायची," ती म्हणाली. आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबेचना. "ऑफिसात बायका म्हणायच्या, तुझी ती कोळीण बरी आहे का? तुझी ती! हसायच्या. नातेवाईक विचारायचे, तुम्ही दोघी अशा का राहता? काय सांगायचं मी? आणि घरात तरी काय होतं माझं? काय शिजवायचं ते तू ठरवणार. पडदे तुझ्या पसंतीचे. मला बरं नसलं की औषध तू देणार, न विचारता. मला कधी एकटीला बसायचं असेल असं तुला वाटलंच नाही. जने, मला कंटाळा आला होता तुझा. खूप दिवसांपासून."

असं म्हणाली ती. यातलं काही खरं असेल. पडदे माझ्या पसंतीचे होते, हे खरंच. पण मी म्हटलं, "हे तोंडावर सांगितलं असतंस, तर मी स्वतः विटा आणून दिल्या असत्या."

"तू भांडली असतीस."

"भांडले असते. रडले असते. आणि मग दिल्या असत्या. सरू, तू मला कोथिंबीर आणायला सांगितलीस आज सकाळी. मिस्त्रीला चावी देऊन ठेवलेली होतीस, आणि मला म्हणालीस कोथिंबीर आण."

ती रडायला लागली. एरवी तिच्या डोळ्यांत पाणी आलं की माझा जीव खालीवर व्हायचा. हात पुढे जायलाही निघाला होता, मी तो ओढून घेतला.

"भाडेकरू म्हणालीस मला," मी म्हटलं. "बाकीचं मी गिळेन कदाचित. तेवढं नाही गिळणार."

रमाबाई उठल्या, माझ्या खांद्याचा आधार घेऊन विटा ओलांडल्या आणि लेकीकडे न बघता हॉलमध्ये जाऊन बसल्या. त्यांच्यामागून मी सरोजची खाट उभी करून विटांवरून पलीकडे सरकवून दिली. तिनं दुसरी बाजू धरली. खाट उचलताना आम्ही दोघी एकमेकींना "सांभाळ" म्हणालो, सवयीनं.

सकाळी आवडाआत्या आली. कोपरीतल्या बिल्डिंगींना मासळी तीच घालते, त्यामुळे तिच्या कानावर काही जायला वेळ लागत नाही. मिस्त्री खालच्या टपरीवर बोलला असणार. टोपली जिन्यात ठेवून ती आत आली आणि माझ्या आतल्या खोलीत उभी राहून चारी भिंती बघितल्या.

"काय गो, ह्यो काय तुरुंग केलाय? चूल नाय, मोरी तेवढी हाय. रांधशील कुठं?"

"बघीन."

"बघशील काय! चल आपल्या घरा. कोळीवाड्यात तुझ्या बापाचा घर हाय. भावजया चार दिस तोंड वाकडा करतील, मंग सरळ करतील. मी हाय ना."

"नाही येणार, आत्या."

"अगो, पन ती बामनीन..."

"तिला काही बोलू नकोस. हे घर माझं आहे. मी भाडेकरू नाही कुणाची."

शेवटचं वाक्य मी जरा मोठ्यानंच बोलले. विटांचे दोनच तर थर होते मध्ये, पलीकडे ऐकू गेलंच असणार. आत्यानं कपाळावर हात मारला आणि टोपलीतून चार मांदेली काढून ताटलीत टाकली. "ही ठेव. काय करशील ते कर," म्हणाली आणि डोळे पुसत टोपली उचलून गेली. ती मांदेली मी शेजारच्या जिन्यातल्या एका बाईला देऊन टाकली, कारण तळायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

जगन मिस्त्री नऊला आला आणि दारातच थबकला. "बाई, आज काय? चालू की बंद?"

"चालू. आणि माझ्या बाजूनं प्लास्टर नीट झालं पाहिजे. उरकून टाकलेलं चालणार नाही मला."

"त्या बाईंनी एकाच बाजूचं सांगितलंय."

"माझ्या बाजूचं मी सांगते. आणि इथे ओटा बांधायचा. आधी होता तसा. नळाचं बूच काढून खाली मोरी."

"ओटा कुठल्या भिंतीला घ्यायचा?"

मी विचार केला. खिडकीखाली जागा होती, उजेडही तिथेच होता. "ह्याच," मी म्हटलं. "ह्याच भिंतीला."

दुपारी मला ड्यूटीवर जायचं होतं, पण तोवर मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. एकेक थर चढत गेला. सरोज ऑफिसला गेली नव्हती. पलीकडे तिच्या साडीचा काठ दिसायचा, मग कंबर, मग नुसता खांदा. ती चहा करत होती, डबे लावत होती, एकदाही इकडे वळली नाही. रमाबाई मात्र दोनदा येऊन बघून गेल्या. भोक कपाळाएवढं उरलं तेव्हा त्या चवड्यांवर उभ्या राहून म्हणाल्या, "सिस्टर, जिन्यातून येईन हो मी. बीपी बघायला."

"या ना," मी म्हटलं. "केव्हाही या."

शेवटची वीट ठोकून मिस्त्रीनं ओळंबा लावून बघितला. मग प्लास्टर ओढलं, लाकडी फळीनं घोटलं, आणि हत्यारं धुताना मला समजावलं, "उद्यापासून पाणी मारायचं हां बाई. आठवडाभर, सकाळ-संध्याकाळ. दोन्हीकडून. नाहीतर प्लास्टर फुगतं, भेगा पडतात. भिंत चांगली पिकली की मग ओटा घेतो. कच्च्या भिंतीला मी ओटा लावत नसतो."

त्या आठवड्यात माझी ड्यूटी दुपारचीच लागली होती, घरी यायला रात्र व्हायची, आणि जेवण हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये. सकाळी उठल्यावर आणि रात्री परत आल्यावर, मोरीतून बादली भरून आणायची आणि तांब्यानं पाणी मारायचं. वरपासून सुरुवात करायची, खाली ओघळत येईपर्यंत. सिमेंट पाणी असं प्यायचं की क्षणात काळी झालेली भिंत पुन्हा करडी व्हायची. मी एकही वेळ चुकवली नाही. माझा ओटा त्या भिंतीला लागायचा होता.

पलीकडूनही आवाज यायचा. सरोज सकाळी लवकर मारायची, मी उठायच्या आधी. संध्याकाळी ऑफिसातून आली की. आमच्या वेळा वेगळ्या पडल्या होत्या, बरंच झालं.

एका संध्याकाळी मी नेहमीपेक्षा लवकर घरी आले आणि बादली घेऊन उभी राहिले. पहिला तांब्या मारला आणि त्याच वेळी पलीकडून पाणी आपटलं. माझ्यासमोरच, बरोबर त्याच उंचीवर. माझा हात थांबला. तिचाही थांबला. पलीकडे ती उभी होती, तांब्या हातात धरून, हे मला डोळ्यांनी दिसावं तसं कळत होतं. ती खोकली. खोकला सुका होता, तिला दरवर्षी या दिवसांत होतो तसा. आल्याचा रस आणि मध द्यायची मी.

मी बादलीत तांब्या बुडवला आणि भिंतीवर पाणी मारलं. बादली रिकामी होईपर्यंत मारत राहिले.